मालक कोण, हे आधी पाहावे: इंग्रजीतील षष्ठी आणि ‘द’ हे उपपद

महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, आणि तरीही यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या महाविद्यालयात आलेला विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा उमेदवार आणि विमा कंपनीला इंग्रजीत पत्र लिहावे लागणारा शेतकरी हे तिघेही एकाच ठिकाणी अडखळतात. ‘शेतकऱ्याची विहीर’, ‘कलेक्टरचा आदेश’, ‘यवतमाळचा बाजार’ असे शब्दसमूह इंग्रजीत लिहिताना ‘द’ हे उपपद लावावे की नाही, लावल्यास ते कोणत्या शब्दासाठी लावले जाते आणि एका ठिकाणी बरोबर ठरलेले उपपद दुसऱ्या ठिकाणी चुकीचे का ठरते, अशा त्यांच्या शंका असतात. या शंका पाठांतराने सुटत नाहीत. परंतु एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर त्यांतील बहुतेक जागच्या जागी सुटतात. पुढील मार्गदर्शनात इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत आणि अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह, त्याच्या नेमक्या जागी दाखवले आहे. वाचकांनी त्या चिन्हाच्या जागेकडे लक्ष ठेवावे.

गोंधळ कोठून येतो

मराठीत षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे चा-ची-चे, मालकाच्या नावाला लागतो खरा, परंतु त्याचे रूप मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलते. शेतकऱ्याचा बैल, शेतकऱ्याची विहीर, शेतकऱ्याचे घर, या तिन्ही ठिकाणी शेतकरी तोच असूनही प्रत्यय बैल, विहीर आणि घर यांच्या लिंगाप्रमाणे फिरतो. त्यामुळे मराठी भाषकाचे लक्ष स्वाभाविकपणे वस्तूकडे राहते. “द फार्मर’स वेल” हे लिहिताना ‘द’ हे उपपद विहिरीचे आहे, असे त्याला वाटते, आणि मग विहिरीला उपपद हवे म्हणून तो “रमेश’स वेल” याच्या आधीही ‘द’ लावून मोकळा होतो.

इंग्रजीत नेमके उलट घडते. तेथे मालकीच्या अर्थाने वापरलेल्या षष्ठीपूर्वीचे उपपद वस्तूचे नसते, ते मालकाचे असते. सोयीसाठी ज्याचे आहे त्या नामाला येथे ‘मालकनाम’ आणि जे आहे त्या नामाला ‘वस्तुनाम’ म्हटले आहे. “द फार्मर’स वेल” या समूहात ‘द’ मालकनामाशी, म्हणजे शेतकऱ्याशी बांधलेले आहे. विहिरीला स्वतःचे उपपद उरतच नाही, कारण ती कोणाची हे सांगितल्यानेच ती निश्चित होते. निर्णय घेण्यासाठी एवढा सिद्धांत पुरेसा आहे.

पहिली पायरी: मालकनाम एकटे उभे करावे

शब्दसमूहातून वस्तुनाम आणि षष्ठीचे चिन्ह काढून टाकावे आणि उरलेले मालकनाम एकटे असताना त्याला ‘द’ लागते का, हे पाहावे. एकटे असताना जे लागते तेच षष्ठीतही लागते, आणि एकटे असताना लागत नसेल तर षष्ठीमुळे ते नव्याने येत नाही.

- व्यक्तीचे नाव: “रमेश” याला उपपद नाही, म्हणून “रमेश’स वेल”. “द रमेश’स वेल” ही चूक आहे.
- गावाचे किंवा राज्याचे नाव: “यवतमाळ’स मार्केट”, “महाराष्ट्र’स बजेट”. येथेही ‘द’ नाही.
- पद: “द कलेक्टर’स ऑर्डर”, “द सरपंच’स सिग्नेचर”. पदाच्या पुढे व्यक्तीचे नाव आले की ‘द’ गळते, उदाहरणार्थ “कलेक्टर देशमुख’स ऑर्डर”.
- नदी: नद्यांच्या नावांना इंग्रजीत ‘द’ लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा “द पैनगंगा” होते, म्हणून “द पैनगंगा’स नॉर्थ बँक”. विशेषनामापूर्वी ‘द’ कधीच येत नाही, असा अर्धवट नियम पाठ केलेल्यांची फसगत येथे होते.
- रेल्वेगाडी: मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद मापाच्या लोहमार्गावर पूर्वी धावणारी शकुंतला इंग्रजीत “द शकुंतला”, आणि तिचे डबे “द शकुंतला’स कोचेस”.
- माझा, आमचा, हा, तो: “माय”, “अवर”, “दिस”, “दॅट” यांपैकी एखादा शब्द मालकनामापूर्वी असेल तर ‘द’ला जागाच नाही. “माय फादर’स शॉप” हे बरोबर. “द माय फादर’स शॉप” हे कोणत्याही परिस्थितीत बरोबर नाही.

वऱ्हाडच्या इतिहासातील एक इंग्रजी शब्दप्रयोग ही पायरी चांगली स्पष्ट करतो. 1853 च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली गेला, तरी नाममात्र सत्ता हैदराबादच्या निजामाची मानली जात होती, आणि त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत निजामाच्या मुलखासाठी “द निझाम’स डोमिनियन्स” असा शब्दप्रयोग येतो. निजाम ही पदवी असल्यामुळे तिला ‘द’ आहे. तोच मुलूख राज्याच्या नावाने सांगायचा झाल्यास “हैदराबाद’स डोमिनियन्स” असे लिहावे लागेल आणि ‘द’ नाहीसे होईल. वस्तुनाम दोन्हीकडे तेच आहे. मालकनाम बदलले म्हणून उपपद बदलले.

दुसरी पायरी: मालक ओळखीचा आहे की नाही

मालकनाम सामान्यनाम असेल, तर ‘अ’ आणि ‘द’ यांतून निवड करावी लागते आणि ही निवड वाचकाला तो मालक आधीपासून माहीत आहे की नाही यावर ठरते. 2019 मध्ये पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तेलंगणातील प्रदेश आणि विदर्भ-मराठवाड्यातील जिल्हे ओलांडून बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला होता आणि या प्रवासात त्याने 1300 किलोमीटरहून अधिक अंतर तोडले होते. या घटनेवर इंग्रजीत निबंध लिहायचा असेल, तर शीर्षकात वाघ वाचकाला अजून माहीत नसल्यामुळे “अ टायगर’स जर्नी” असे लिहिता येते. पहिल्या वाक्यात वाघाची ओळख करून दिली की त्यानंतर मात्र “द टायगर’स कॉलर”, “द टायगर’स रूट” असेच लिहावे लागते, कारण आता तो विशिष्ट वाघ झाला आहे. आणि अभयारण्याच्या नावाने तो सांगायचा असेल तर उपपदाशिवाय “टिपेश्वर’स टायगर”. प्रवास एकच, कॉलर एकच. तरीही ‘अ’, ‘द’ आणि काहीच नाही या तिन्ही शक्यता मालकनामामुळे निर्माण होतात.

अनेकवचनी मालकात अपॉस्ट्रॉफीची जागा अर्थ बदलते. “द फार्मर’स लँड” म्हणजे एका विशिष्ट शेतकऱ्याची जमीन, तर “द फार्मर्स’ लँड” म्हणजे विशिष्ट अनेक शेतकऱ्यांची जमीन. उच्चार एकसारखाच असल्याने हा भेद फक्त लेखनात दिसतो. भूसंपादनाच्या हरकतीसारख्या कागदात हे चिन्ह चुकले, तर हरकत एकाची आहे की सर्वांची, असा प्रश्न उभा राहू शकतो.

सर्वाधिक चुकणारी जागा: ‘सर्वांत मोठा’ आणि ‘पहिला’

श्रेष्ठत्वदर्शक विशेषणाला इंग्रजीत ‘द’ लागते, हा नियम शाळेत इतका पक्का करून घेतला जातो, की षष्ठी आल्यावरही विद्यार्थी तो सोडत नाहीत. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात सलग मुख्यमंत्री होते आणि ते महाराष्ट्राचे सर्वाधिक काळ राहिलेले मुख्यमंत्री आहेत. हे वाक्य इंग्रजीत दोन प्रकारे लिहिता येते.

1. “ही वॉज महाराष्ट्र’स लाँगेस्ट-सर्व्हिंग चीफ मिनिस्टर.”
2. “ही वॉज द लाँगेस्ट-सर्व्हिंग चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र.”

पहिल्या वाक्यात षष्ठीने ‘द’ची जागा घेतली आहे, दुसऱ्यात षष्ठी नाही, म्हणून ‘द’ परत आले आहे. “द महाराष्ट्र’स लाँगेस्ट-सर्व्हिंग” आणि “महाराष्ट्र’स द लाँगेस्ट-सर्व्हिंग” या दोन्ही रचना चुकीच्या आहेत, आणि स्पर्धा परीक्षांतील ‘वाक्यातील चूक शोधा’ या प्रकारच्या प्रश्नांत अशीच रचना ठेवलेली असू शकते. ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘एकमेव’ यांनाही हेच लागू आहे. षष्ठी आणि ‘द’ यांतून एकाचीच निवड करावी, एवढे या ठिकाणी लक्षात ठेवले तरी पुरे.

षष्ठीचे चिन्ह नसलेले नाव

वरील नियम शिकल्यावर काही विद्यार्थी विशेषनाम दिसले की ‘द’ खोडू लागतात, आणि तेव्हा नवी चूक जन्माला येते. इंग्रजीत नाव षष्ठीच्या चिन्हाशिवाय विशेषणासारखे वापरता येते, आणि तसे वापरले की उपपद पुन्हा वस्तुनामाकडे जाते. “नाईक’स मिनिस्ट्री” यात ‘द’ नाही, पण “द नाईक मिनिस्ट्री” यात ते आवश्यक आहे. “यवतमाळ’स डिस्ट्रिक्ट कोर्ट” आणि “द यवतमाळ डिस्ट्रिक्ट कोर्ट” ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. अशुद्ध आहे ते दोहोंचे मिश्रण. मात्र जिल्ह्याचे नाव म्हणून केवळ “यवतमाळ डिस्ट्रिक्ट” लिहिले, तर त्यास उपपद लागत नाही, कारण ते संपूर्ण विशेषनाम ठरते. कार्यालयांच्या पाट्यांवर आणि पत्त्यांत उपपदे गाळण्याचा प्रघात आहे. पाटीवरील रूप जसेच्या तसे वाक्यात उतरवू नये.

मालकी नव्हे, प्रकार सांगणारी षष्ठी

‘मुलींचे वसतिगृह’ यात वसतिगृहाची मालकी मुलींकडे नसते. ते कोणत्या प्रकारचे वसतिगृह आहे, एवढेच षष्ठी सांगते. अशा वर्णनात्मक षष्ठीत उपपद मालकनामाचे नसून वस्तुनामाचे असते, म्हणून “अ गर्ल्स’ हॉस्टेल” हे शुद्ध आहे, जरी ‘अ’ हे एकवचनी उपपद आणि “गर्ल्स” हे अनेकवचन शेजारी आले असले तरी. हा भेद ओळखण्यासाठी दोन कसोट्या उपयोगी पडतात.

- मालकनामाच्या जागी “देअर” किंवा “हिज” हा शब्द ठेवून पाहावा. “द फार्मर’स वेल” याचे “हिज वेल” सहज होते, म्हणून ती मालकी आहे. “अ गर्ल्स’ हॉस्टेल” याचे “देअर हॉस्टेल” केल्यास मूळ अर्थ हरवतो, म्हणून तो प्रकार आहे.
- विशेषण कोठे बसते ते पाहावे. शेतकऱ्याची जुनी विहीर “द फार्मर’स ओल्ड वेल” होते, म्हणजे विशेषण षष्ठीनंतर येते. मुलींचे नवे वसतिगृह मात्र “द न्यू गर्ल्स’ हॉस्टेल” होते, म्हणजे विशेषण षष्ठीच्या आधी जाते.

दुसऱ्या प्रकारात क्वचित संदिग्धता उरते. “द ओल्ड विमेन’स कॉलेज” म्हणजे जुने महिला महाविद्यालय की वृद्ध महिलांचे महाविद्यालय, हे केवळ संदर्भावरून ठरते. शंका असल्यास रचना बदलून “द ओल्ड कॉलेज फॉर विमेन” असे लिहिणे सुरक्षित आहे.

‘ऑफ’चा पर्याय आणि वारसाच्या कागदातील धोका

षष्ठीऐवजी ‘ऑफ’ वापरले की दोन्ही नामे स्वतंत्र होतात आणि प्रत्येकाच्या उपपदाचा विचार वेगळा करावा लागतो. “द प्रिन्सिपल ऑफ द कॉलेज” यात दोन ‘द’ आहेत, “द सरपंच ऑफ गहुली” यात एकच आहे, कारण गहुली हे गावाचे नाव आहे. “द नागपूर बेंच ऑफ द बॉम्बे हाय कोर्ट” यात पुन्हा दोन आहेत. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत, विशेषतः “द रूफ ऑफ द स्कूल” अशा ठिकाणी, हीच रचना अधिक स्वाभाविक वाटते. मालकनाम लांबलचक असेल तेव्हाही तीच निवडावी. “द कलेक्टर ऑफ यवतमाळ’स ऑर्डर” ही रचना व्याकरणाला मान्य असली, तरी वाचणाऱ्याला आदेश यवतमाळचा की कलेक्टरचा, असा क्षणभर प्रश्न पडतो. “द ऑर्डर ऑफ द कलेक्टर ऑफ यवतमाळ” यात तो पडत नाही.

परंतु ‘ऑफ’ आणि षष्ठी नेहमीच समानार्थी नसतात, आणि सर्वाधिक काळजी घ्यावी अशी जागा येथेच आहे. षष्ठी वस्तुनामाला निश्चित करते. “रमेश’स सन” असे लिहिले, की वाचणारा सहसा रमेशचा एकच मुलगा आहे, किंवा कोणता मुलगा अभिप्रेत आहे हे आधीच ठरलेले आहे, असे समजतो. ‘एक’ हा अर्थ आणायचा असेल, तर षष्ठीपूर्वी ‘अ’ लावून उपयोग नसतो, कारण ते ‘अ’ रमेशकडे जाते. त्यासाठी रचना बदलावी लागते.

तलाठ्याकडील वारस नोंदीचा अर्ज मराठीत होतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु मयत व्यक्तीचे खाते परराज्यातील बँकेत असेल, विमा कंपनीचे कार्यालय अन्यत्र असेल किंवा वारसांपैकी कोणी परदेशी असेल, तर प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करावे लागते, आणि तेव्हा एका उपपदाने किती वारस आहेत याचा समज बदलतो.

- “द सन ऑफ द डिसीज्ड”: मयताचा एकुलता मुलगा, असा अर्थ निघतो.
- “अ सन ऑफ द डिसीज्ड”: मयताच्या मुलांपैकी एक; इतर आहेत की नाहीत, हे उघडे राहते.
- “वन ऑफ द थ्री सन्स ऑफ द डिसीज्ड”: तिघांपैकी एक, यात शंकेला जागा नाही.
- “द सन्स ऑफ द डिसीज्ड”: मयताचे सर्व मुलगे.

भावंडे असताना पहिले रूप वापरल्यास इतर वारस दडवल्याचा आक्षेप येऊ शकतो, म्हणून अशा कागदात तिसरे रूप वापरावे आणि मुलींचीही संख्या त्याच पद्धतीने स्पष्ट लिहावी. मुलांचा उल्लेख करून मुलींचा न करणे ही व्याकरणाची नव्हे, हक्काची चूक आहे. मयतासाठी वापरलेल्या “डिसीज्ड” या शब्दाला ‘द’ नेहमी लागते. टंकलेखकाने दिलेला मसुदा वाचून झाल्याशिवाय आपण सही करू नये आणि उपपदावर बोट ठेवून त्याचा अर्थ विचारण्यास संकोचू नये.

मित्र, नातेवाईक, विद्यार्थी यांच्या बाबतीत हाच प्रश्न सौम्य रूपात येतो. ‘वडिलांचा एक मित्र’ हे “अ फ्रेंड ऑफ माय फादर’स” असे लिहितात. ‘ऑफ’ आणि षष्ठी एकत्र आलेली ही दुहेरी रचना चूक वाटली, तरी ती शुद्ध आहे.

काळ दाखवणारी षष्ठी

“टुडे’स रेट”, “यस्टरडे’स पेपर”, “लास्ट इयर’स क्रॉप” यांना ‘द’ लागत नाही. “अ मंथ’स लीव्ह” म्हणजे एका महिन्याची रजा, “टू डेज’ लीव्ह” म्हणजे दोन दिवसांची, आणि “द डे’स कलेक्शन” म्हणजे त्या ठरावीक दिवसाची जमा. कापसाच्या भावाविषयी लिहिताना “द टुडे’स कॉटन रेट” असे लिहिणे टाळावे.

एक मसुदा तपासून पाहावा

पुढील चार वाक्ये 1973 आणि 2019 या वर्षी यवतमाळात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांवरील इंग्रजी निबंधातील आहेत, असे समजावे. पहिल्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते आणि दुसऱ्याच्या अध्यक्षा अरुणा ढेरे.

1. “द यवतमाळ’स फर्स्ट संमेलन वॉज हेल्ड इन 1973.” येथे ‘द’ काढावे, कारण गावाच्या नावाला ते लागत नाही.
2. “संमेलन’स प्रेसिडेंट वॉज माडगूळकर.” येथे ‘द’ घालावे, कारण संमेलन हे सामान्यनाम असून ते आधीच्या वाक्यात ओळखीचे झाले आहे.
3. “इन 2019 द अरुणा ढेरे’स स्पीच वॉज अवेटेड.” येथे ‘द’ काढावे, मात्र “द प्रेसिडेंट’स स्पीच” लिहिल्यास ते ठेवावे.
4. “माय फादर’स द ओल्ड फ्रेंड अटेंडेड इट.” येथे षष्ठीनंतरचे ‘द’ काढावे, मित्र अनेक असल्यास “ॲन ओल्ड फ्रेंड ऑफ माय फादर’स” असे लिहावे.

स्वतःच्या लेखनातील प्रत्येक अपॉस्ट्रॉफीपाशी थांबून तिच्या डावीकडील नाम एकटे वाचून पाहिले, तर असा मसुदा काही मिनिटांत शुद्ध होतो. सरावासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नाही. कोणत्याही इंग्रजी दैनिकाच्या एका पानावरील षष्ठीची रूपे अधोरेखित करून प्रत्येकाचे उपपद कोणाचे आहे, हे लिहून काढावे.

आपले हक्क

परीक्षेत शुद्ध रूप लिहूनही गुण कापले गेले, असे वाटत असेल, तर यवतमाळ जिल्ह्यातील दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला राज्य मंडळाच्या अमरावती विभागीय मंडळाकडे विहित मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. हरकत घेताना ‘उत्तर बरोबर आहे’ एवढेच न लिहिता उपपद कोणत्या नामाचे आहे, हे कारण द्यावे.

आणि प्रत्येक कागद इंग्रजीत असलाच पाहिजे, असेही नाही. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे तेथे वापरात असलेल्या भाषेत निवेदन देता येते, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6 नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, करता येतो. इंग्रजीची सक्ती नसलेल्या ठिकाणी, विशेषतः जमीन, वारसा आणि नुकसानभरपाई यांच्या अर्जांत, आपण निःशंकपणे मराठीत लिहावे. आणि इंग्रजीत लिहावे लागेल तेव्हा सही करण्यापूर्वी प्रत्येक षष्ठीपाशी मालक कोण, हे एकदा तपासून घ्यावे.